सुट्या भागांसाठी

अमेरिकेतल्या हौशी स्कुबावाल्यांच्या मेळाव्यात, टाकीतली हवा तोंडाशी पोचवणाऱ्या दोन नळ्यांच्या जुन्या रेग्युलेटरचा भक्त लगेच ओळखू येतो. बाकीचे पाण्यात असतात आणि हा काठावर बसून रबर हुंगत असतो. वय सत्तरीपलीकडे. १९५८ ते १९६१ या काळात ‘सी हंट’ मालिकेत लॉइड ब्रिजेस पाण्याखाली दुष्टांशी झुंजत होता, तेव्हा हा टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला होता. तो अजून पुरता उठलेला नाही.

दोन नळ्या कशाला, हे त्याला चुकूनही विचारू नये. विचारलंत तर १९४३ सालच्या फ्रान्समध्ये जाऊन पडाल. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, मोटारी गॅसवर चालवायच्या, त्यासाठी एमिल गान्याँ या इंजिनियरने झडप केली. तीच पुढे कूस्तो या पाणबुड्याच्या पाठीवर चढली. मार्न नदीत उभं राहिलं की हवा भसाभसा वाया जाई, उलटं झालं की श्वास मिळेना. मग उच्छ्वासाचं तोंड पाठीवरच्या डबीत, झडप हलवणाऱ्या पडद्याच्या शेजारी नेलं आणि गाडं सुटलं. म्हणून उजव्या खांद्यावरून हवा येते, डाव्यावरून जाते. हे सगळं तो हातवारे करून सांगतो. तोवर तुमचं सूप गार.

जुना रेग्युलेटर घरी येतो तेव्हा पितळ कळकलेलं असतं, नळ्या वाळून तडकलेल्या. तो व्हिनेगरमध्ये भिजतो, टूथब्रशने घासला जातो, त्याला नवा सिलिकॉनचा पडदा मिळतो. भिजतो कशात, तर सॅलडच्या भांड्यात. बायकोने दुसरं भांडं आणलं. त्यात आता झडपा भिजतात.

पाण्यात मात्र हे यंत्र लहरी. पालथं पोहताना डबी छातीपेक्षा वर राहते, म्हणून श्वास ओढून घ्यावा लागतो. उताणं झालं की न मागता तोंडात हवा कोंबते. नळीत पाणी शिरलं तर डाव्या कुशीवर वळून फुंकायचं. याला तो दोष म्हणत नाही, ‘स्वभाव’ म्हणतो. नव्या रेग्युलेटरमधून सुखाने श्वास घेणाऱ्या तरुणांची त्याला मनापासून कीव येते. त्याच्या स्वतःच्या टाकीलाही एक अगदी नवा, एका नळीचा जादा रेग्युलेटर लटकत असतो. तो बायकोच्या समाधानासाठी.

खरा फायदा, त्याच्या मते, बुडबुड्यांचा. ते मानेमागून निघतात, त्यामुळे मासे बिचकत नाहीत आणि फोटो छान येतात. ते त्याने मला दाखवलेही. सगळे रेग्युलेटरचे. एकात कोपऱ्यात शेपूट होतं.

‘आता बास’ असं तो दर वर्षी म्हणतो आणि आणखी एक विकत घेतो, फक्त सुट्या भागांसाठी. नवा आलेला जुन्यापेक्षा चांगला निघतो. साहजिकच मग त्याच्यासाठी सुटे भाग शोधावे लागतात.