लिव्हर रायफल सजवावी कशी? नवशिक्यांसाठी सात सोप्या पायऱ्या

अभिनंदन! तुम्ही .४५-७० ची लिव्हर रायफल घेतली आहे. अलास्कात मूसची शिकार करायची, वाटेत तपकिरी अस्वल आडवे आले तर जीव वाचवायचा, असा तुमचा विचार दिसतो. पुणे-नाशिककडच्या वाचकांनी हे मार्गदर्शन करमणूक म्हणून वाचावे, कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला. योगायोग असा, की मार्लिन कंपनीने आपली ‘१८९५’ ही याच जातीची रायफल नव्या रूपात बाजारात आणली तीही १९७२ मध्येच. एच-१बी व्हिसावर तिकडे राहणाऱ्या मंडळींनी आधी राज्याचा शिकार परवाना काढावा. तो नसताना बंदूक जवळ सापडली, तर फेडरल कायद्याने सावज तुम्हीच.

पायरी १ : घराणे जाणून घ्या

.४५ म्हणजे गोळीची जाडी, इंचात. ७० म्हणजे काळ्या दारूचे वजन, ग्रेनमध्ये. अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये हे काडतूस स्वीकारले, तेव्हा त्यात ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची शिशाची गोळी असे. ती सेकंदाला जेमतेम तेराशे-साडेतेराशे फूट जाई. आजच्या मानाने ही चाल रमतगमतच म्हणायची, पण त्या काळच्या शिकाऱ्यांनी गवे याच काडतुसाने लोळवले. ही माहिती वाचून लगेच विसरावी. लक्षात राहिली, तर पुढच्या पायऱ्या चढायची गरजच वाटत नाही.

पायरी २ : सर्वांत तिखट काडतूस निवडा

दारू घरी भरणाऱ्यांच्या पुस्तकांत .४५-७० चे तीन तक्ते असतात : जुन्या ट्रॅपडोर बंदुकांसाठी सौम्य, मार्लिनसारख्या लिव्हर रायफलींसाठी मध्यम आणि रूगर नंबर वनसारख्या भक्कम एकबारी रायफलींसाठी जहाल. नवशिक्याचे बोट आपोआप तिसऱ्या तक्त्यावर जाते. तो भार लिव्हर रायफलीत कधीही घालू नये. हे वाक्य थट्टेत लिहिलेले नाही.

टोकदार गोळ्यांचा मोहही आवरावा. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते आणि धक्क्याने ते टोचले, तर बार आतल्या आत उडू शकतो. म्हणून गोळी चपट्या नाकाची घ्यावी, किंवा हॉर्नडीने काढली तशी मऊ पॉलिमर टोकाची.

पायरी ३ : भली मोठी दुर्बीण चढवा

कारखान्यातून आलेली माशी आणि खाच साधी दिसते, तेव्हा ती आपल्या इभ्रतीला शोभत नाही असे समजावे. चोवीस पट मोठे दाखवणारी, बाटलीएवढी दुर्बीण आणावी. आता तुम्हाला ३०० यार्डांवरचा मूस पापण्यांसकट दिसेल. पॉलिमर टोकाची ३२५ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर ३ इंच वर लागेल अशी बसवली, तर ती २०० यार्डांवर सुमारे ४ इंच खाली जाते आणि ३०० यार्डांवर तब्बल सव्वादोन फूट. म्हणजे पापण्या दिसतात, पण गोळी गुडघ्यांच्या आसपास पोचते.

दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवली असेल, तर पहिल्याच बाराला तिची कड भुवईत घुसेल आणि कपाळावर टिकलीसारखी ठसठशीत चंद्रकोर उमटेल. तिच्यावरून रेंजवरचे जुने शिकारी तुमचा अनुभव अचूक ओळखतात.

पायरी ४ : दुर्बिणीचे उपद्रव निस्तरा

या रायफलीचा दस्ता उघड्या माशीच्या उंचीने घडवलेला आहे. दुर्बीण त्याहून वर बसते, त्यामुळे गाल दस्त्यावर टेकला की डोळ्याला काच सापडत नाही आणि काच सापडली की गाल अधांतरी राहतो. उपाय : दस्त्याला गालाची गादी बांधा. शिवाय घोडा दुर्बिणीखाली दडला, अंगठा तिथे पोचत नाही. उपाय : घोड्याला बाजूला निघणारे शिंग जोडा. ही दोन्ही दुखणी दुर्बीण येण्यापूर्वी नव्हती, हे दुकानदाराजवळ काढू नये. तो सुज्ञ असतो, त्याला ते ठाऊक असते.

पायरी ५ : धक्क्याचा बंदोबस्त करा

तिखट काडतूस आणि जेमतेम सव्वातीन किलोची रायफल असा जोड जमला, की खांदा तक्रार करणारच. दस्त्याला जाड रबरी पॅड लावा. तेवढ्याने भागत नसेल, तर नळीच्या तोंडाला मझल ब्रेक बसवा. त्याने धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला फाकतो आणि शेजारचा सोबती तुमच्याशी बोलेनासा होतो. मग सायलेन्सर आणा. त्यासाठी फेडरल सरकारकडे अर्ज, फोटो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. झाडीत वळवायला सोपी म्हणून साडेअठरा इंची आखूड नळी घेतली होती, ती आता पुन्हा लांब झाली. आरंभी सौम्य काडतूस घेतले असते तर, असा विचार मनात आल्यास पायरी २ पुन्हा वाचू नये.

पायरी ६ : शोभा

लिव्हरचे, म्हणजे काडतूस भरायला खाली ओढायच्या दांड्याचे, कडे मोठे हवेच. १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेनने मोठ्या कड्याची विंचेस्टर एका हाताने गरगर फिरवली आणि २०१५ च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये ख्रिस प्रॅट चकचकीत मार्लिन घेऊन डायनोसॉरांमागे गेला. कड्याचा खरा उपयोग एवढाच, की थंडीत जाड हातमोजा घातलेली बोटे त्यात मावतात. तेव्हा कडे जरूर घ्या, फक्त फिरवायला जाऊ नका. त्यानंतर पुढे धातूची रेल, रेलवर विजेरी, दस्त्यावर काडतुसांचा पट्टा.

पायरी ७ : तोलून पाहा

सगळा साज चढवून रायफल हातात घ्या. नाकापेक्षा मोती जड झाला असेल. आता पाना घ्या आणि पायरी ६ पासून उलटे या.

शेवटी उरावे ते एवढे : मागे भोकाची पीप साइट, किंवा अगदीच हवी तर कमी शक्तीची छोटी दुर्बीण, रबरी पॅड, खांद्याचा पट्टा, स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून निळ्या लॉकटाइटचा एकेक थेंब, आणि कारखान्यात भरलेली ४०५ ग्रेनची सौम्य काडतुसे. उरलेल्या पैशांची आणखी काडतुसे घेऊन उभ्याने, बसून, गुडघा टेकून सराव करा. दीडशे यार्डांच्या आत मनगटाएवढ्या नव्हे, निदान ताटाएवढ्या जागेत गोळ्या पडू लागल्या, की तुमची तयारी झाली.

मग एखाद्या सप्टेंबरात मूस पडेलही. पूर्ण वाढलेला नर साडेपाचशे ते सातशे किलोंचा असतो. थोराड असेल, तर खाण्याजोगे मांसच सव्वादोनशे किलो निघते आणि अलास्काच्या कायद्याने ते रानात टाकून येता येत नाही. विमान किंवा नाव उभी असेल तिथपर्यंत, दलदल तुडवत, पाठीवरून ते आणावे लागते. या कामासाठी रायफलीला जोडता येईल असे काहीही अजून कुणी विकायला काढलेले नाही.