दारव्ह्याला गेल्याचा पुरावा

जमीन तीन पिढ्या कसली, तिच्यातली ढेकळं नावानिशी ओळखीची झाली, तरी सातबाऱ्यावर नाव नसेल तर तहसीलच्या लेखी तुम्ही त्या बांधावर हवा खायला आलेले गृहस्थ. यवतमाळ जिल्ह्यात हा न्याय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून सायकलची फेरी स्ट्राव्हा या अॅपवर चढवणाऱ्याला इथल्या माणसांनी दिखाऊ म्हणावं, हे मला पटत नाही. बोरी अरबहून दारव्ह्यापर्यंत सायकल हाणली, घाम गाळून परत आला. पण नोंद नाही, तर गेला होता कशावरून? त्यामुळे ते चढवणं म्हणजे मिरवणं नव्हे, तो फेरफाराचा अर्ज आहे. माझी तक्रार अर्जाबद्दल नाहीच. अर्ज करणारा मूळ कागदही तिकडेच देऊन मोकळा होतो, तक्रार त्याबद्दल आहे.

हा मूळ कागद म्हणजे ‘फिट’ नावाची फाईल. हँडलवरचं यंत्र अक्षांश, रेखांश, उंची, वेग आणि छातीला पट्टा बांधला असेल तर काळजाचे ठोकेसुद्धा तिच्यात टिपत जातं. वेळ मात्र ते आपल्या घड्याळाने मोजत नाही. 31 डिसेंबर 1989च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद झाले एवढंच त्याला ठाऊक. पहाटे पाचला बोरीतून निघालेला सज्जन माणूस फाईलच्या पोटात आदल्या रात्री साडेअकराला घराबाहेर पडलेला असतो. घरच्यांना ही फाईल उघडता येत नाही, हे बरंच आहे. पुढे ती ब्लूटूथने मोबाईलमध्ये जाते, मोबाईलमधून यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिथून स्ट्राव्हाच्या सर्व्हरवर आणि मग आपल्याच आळीतल्या दोस्ताच्या मोबाईलवर. तो अंगठा वर करतो. सगळा देशोदेशीचा खटाटोप मागच्या दाराने हाक मारली असती तर वाचला असता.

तरीही खटाटोपाला माझी ना नाही. फक्त दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं की काय होतं, ते दारव्हेकरांना तरी सांगायला नको. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे त्यांच्याच गावावरून धावायची. बसणारे आपले, रखडणारे आपले, गाडी चालवणारी मध्य रेल्वे. पण देशभरची रेल्वे सरकारजमा झाल्यावरही हे रूळ कागदोपत्री किलिक-निक्सनच्या खासगी कंपनीच्याच नावावर राहिले. सायकलवाल्यांवर असा प्रसंग आला 23 जुलै 2020ला. खंडणीखोरांनी ही यंत्रं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीच्या संगणकांना कुलूप ठोकलं आणि काही दिवस जगभरच्या फेऱ्या वाटेतच अडकल्या. लोक हवालदिल झाले. गंमत म्हणजे एकाही फेरीचं काही बिघडलं नव्हतं! फाईल ज्याच्या त्याच्या हँडलवर शाबूत होती. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी यंत्र केबलने संगणकाला जोडलं, फोल्डरमधून फाईल काढली आणि थेट स्ट्राव्हावर चढवली. बाकीचे अॅप खाली ओढून ओढून ताजं करत बसले.

यावर बोरी अरबमध्ये हमखास येणारा आक्षेप असा की इथे यंत्र हवंच कशाला. रस्त्यावर पाय टाकला की चहाच्या टपरीवरून ‘कुठी चालले भाऊ?’ येतंच, आणि आपण पोचायच्या आत बातमी दारव्ह्याला पोचलेली असते. आक्षेपात दम आहे. टपरीच्या नोंदीत जाण्याचं कारण असतं, सायकल कुणाची मागून आणली तेही असतं. अडाण नदीच्या पुलावरून पाणी चाललेलं असताना माणूस काठावर किती वेळ ताटकळला, तेही टपरी विसरत नाही. यंत्र मात्र थांबलं की आपोआप डोळे मिटतं आणि नंतर फक्त ‘चालता वेळ’ अभिमानाने दाखवतं. ब्रेव्हे म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या; त्या ब्रेव्हेवाल्यांच्या नियमात असली सूट नाही. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, त्यात पंक्चर, चहा, पूर सगळं आलं. पुराव्याला ठरल्या ठिकाणचा कार्डावरचा शिक्का लागतो, आणि आपल्याकडे शिक्का मारणारा भेटला नाही तर एटीएमची चिठ्ठीही चालते. म्हणजे शंभर रुपये काढल्याशिवाय माणूस तिथे होता हे सिद्ध होत नाही! पण टपरीची नोंद कितीही भरगच्च असली तरी तिची नक्कल मिळत नाही आणि ती दर सांगणाऱ्यागणिक वाढते. संध्याकाळपर्यंत दारव्ह्याची फेरी यवतमाळपर्यंत लांबलेली असते, तीही बिनहाताने.

दुसरा आक्षेप आळसाचा आणि म्हणून जास्त प्रामाणिक आहे: सगळं आपोआप होत असताना केबल कोण शोधत बसणार? तर आपोआप होऊ द्यावं. फक्त महिन्याकाठी एकदा यंत्र संगणकाला जोडावं, ‘गार्मिन’ फोल्डरातलं ‘ॲक्टिव्हिटीज’ उघडावं आणि आत जे काही असेल ते जसंच्या तसं उचलून आपल्याकडे ठेवावं. वाटलं तर पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत. खरी अडचण वेळेची नाही, केबलची आहे. गार्मिनच्या एज 500 सारख्या जुन्या यंत्राला मिनी-यूएसबी लागते. ती मागितली की मोबाईलच्या दुकानात आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या वयाकडे बघतात. नव्या यंत्राला सी-टाइप चालते, पण सी-टाइप म्हणून हातात ठेवतात तिच्यातल्या कितीतरी फक्त चार्जिंगच्या असतात. यंत्राची बॅटरी शंभर टक्के होते आणि संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. तेव्हा ‘डेटावाली द्या’ असं स्पष्ट सांगावं, आणि पैसे देण्याआधी दुकानदाराच्याच संगणकाला जोडून बघावी.