लिंकभाऊ

धर्मापुरीत नवं दुकान निघालं की नारळ फुटायच्या आधी लिंकभाऊ हजर असतो. आधार कार्डावर त्याचं वेगळं नाव असेल, पण गाव त्याला लिंकभाऊच म्हणतं. कारण रामराम करायच्या आधी तो "लिंक टाकलीय, बगा" म्हणतो. दुसऱ्याचा धंदा वाढवून देणं हा त्याचा धंदा, आणि तो बेताचाच चालतो.

फेसबुक आणि इन्स्टावाल्यांची त्याला कीव येते. "तिथं सगळी दुनिया हाय काका. आपुन जिथं कुणीच नाही तिथं पाहिजे." हे तत्त्व त्यानं निष्ठेनं पाळलंय. 2020च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा सुतक न पाळता तो 'मोज' अ‍ॅपवर गेला. शेअरचॅटवर सुप्रभातच्या गुलाबाखाली पिठाच्या गिरणीची जाहिरात टाकणारा तोच. 'कू'वर त्यानं एका रसवंतीचं खातं काढलं. 2024 मध्ये 'कू' बंद पडलं, रसवंती चालू आहे. टेलिग्रामच्या ग्रुपात दोन लाख माणसं मावतात हे कळल्यावर त्यानं लगेच ग्रुप काढला. त्यात तो स्वतः, त्याचा दुसरा नंबर आणि मेहुणा. विचारलं तर म्हणतो, "जागा तर हाय ना!"

चुलत्याच्या उस्मानाबादी शेळ्या विकायच्या निघाल्या, तेव्हा तर त्यानं कमालच केली. एकेकीचा फोटो काढला, कॅन्व्हावर तिच्या मागं हिरवंगार कुरण लावलं (एप्रिल महिन्यात, बीड जिल्ह्यात!) आणि सगळा कळप व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये चढवला. कंपनीनं तो नाकारला. जनावरांची विक्री तिच्या नियमात बसत नाही. मग यानं शेळ्यांना 'शेतीउपयोगी साहित्य' असं नाव दिलं. फोटोतलं साहित्य कॅमेऱ्याकडं बघून रवंथ करत होतं, त्यामुळं तेही फेटाळलं गेलं. तोवर चुलता बाजाराला जाऊन शेळ्या विकून, पैसे मोजून, भजी खाऊन परत आला होता.

"कामून इकल्या? अजून बूस्ट करायच्या होत्या!" लिंकभाऊ आठवडाभर चुलत्याशी बोलला नाही.

त्याच्या हातून एक काम मात्र चोख झालंय, आणि त्याचीच त्याला लाज वाटते. पंक्चरवाल्याचं दुकान त्यानं गूगलच्या नकाशावर नोंदवून दिलं. तेव्हा दुकान खरं आहे याची खात्री पटवायला गूगल चक्क पोस्टानं कार्ड पाठवायचं. त्यावरचा आकडा भरला की नोंद पक्की. पोस्टमननं कार्ड आणलं, यानं आकडा भरला, दुकानाची वेळ आणि फोन नंबर टाकला, आणि विसरून गेला. आता केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ नि किल्ला बघायला आलेल्यांची गाडी बसली, तर मोबाइल त्यांना बरोबर त्या पंक्चरवाल्याकडं आणून सोडतो. माझ्या मते लिंकभाऊच्या साऱ्या कारकिर्दीतली खरी जाहिरात ही एवढीच. त्याला तसं सांगून बघितलं. "ते फुकटातलं हाय काका. त्यात मार्केटिंग कसलं?"

सध्या तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टच्या मागं आहे. एका यादीत 256 नंबर बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ही अट कळल्यापासून तो दारोदार फिरतोय. म्हाताऱ्यांचे साधे बटणवाले फोनसुद्धा त्यानं सोडले नाहीत. त्यात व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, हे त्याला माहीत आहे. "उद्या घेतीलच की," म्हणतो.

केदारेश्वराला आलात तर लिंकभाऊ तुम्हाला गाठणारच. मुकाट्यानं नंबर सेव्ह करा. आढेवेढे घेतलेत तर तो मोबाइल मागून घेतो आणि स्वतःच करतो. यादीत वर दिसावं म्हणून नावाआधी 'अ' लावतो.