बिल्ल्याची चहाडी

आमचं आणि आक्काचं अंगण वेगळं करतं ते तुराट्यांचं कुंपण. नवं बांधायचं दर उन्हाळ्यात ठरतं आणि पाऊस पडला की तेच कुजकं आणखी एक साल ढकललं जातं. तसं ते बरंच आहे, कारण भगदाड जितकं मोठं तितकी बातमी सुटसुटीत येते. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाची म्हैस गाभण राहिली, कुणाची गाय आटली, कुणी गोऱ्हा विकून सोयाबीनचं बियाणं आणलं, हे आधी आक्काला कळतं आणि मग त्या घरच्या बाईला.

“ऐकलंस का माय? तात्या बाजारातून तसेच हात हलवत आले.”

“का हो आक्का, बैल पसंत पडला नाही?”

“पसंत पडला की! चांगला लाल कंधारी, चार दाती. पैसे कमरेला बांधून गेलते. पण विकणाऱ्याच्या बैलाच्या कानात बिल्लाच नाही. म्हणे बिल्ला नाही तर पावती नाही. तात्या तिथंच भांडत बसले, मी बैल घ्यायलो का बिल्ला घ्यायलो!”

तात्यांचा सवाल रास्त असला तरी उशिरा आला. राज्य सरकारनं १ जून २०२४ पासून नियमच केलाय की कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करायची नाही, वाहतूकही नाही. वीज पडून, पुरात वाहून किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं तर बिल्ल्याशिवाय भरपाईही नाही. हे शेवटचं आमच्याकडं जास्त झोंबतं. मिरगाच्या आधीच्या वादळात झाडाखाली बांधलेलं जनावर विजेनं जातं, हे इथं दर साली कुठं ना कुठं घडतं. कुरुंद्यात २०२२ च्या जुलैत रातोरात पाणी घुसलं तेव्हा दावणीची जनावरं सोडायलासुद्धा लोकांना सवड मिळाली नव्हती. आपत्तीत दुभतं जनावर गेलं तर ३७,५०० रुपये, ओढकामाचं गेलं तर ३२,००० आणि वासरू गेलं तर २०,००० असा सरकारी दर आहे. तेवढ्या पैशात जोडी उभी राहत नाही, पण निदान कर्जाचं तोंड तरी बंद होतं.

“आणि टोचायला आले तेव्हा हेच तात्या काठी घेऊन उभे होते,” आक्का म्हणाली. “गाईचा कान कुजतो म्हणे, दूध आटतं म्हणे. मी म्हणलं, तुमच्या नातीचे कान टोचले तेव्हा पेढे वाटले की!”

सोनारानं टोचले की कान दुखत नाहीत म्हणतात. इथला सोनार सरकारी, हातात चिमट्यासारखं हत्यार आणि खिशात यादी. टोचणं तसं एका दमाचं काम. बिल्ल्याचे दोन भाग असतात. एकाला टोकदार खुंटी, दुसऱ्याला भोक. कानाच्या मधोमध, शिरा चुकवून दाबलं की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मग निघत नाहीत. शीर सापडली तर मात्र रक्त येतं. नंतर माश्या बसून जखम चिघळली तर तात्यांचं बोलणं खरं व्हायलाही वेळ लागत नाही. आमच्या कालवडीचं चिघळलं होतं. हळद आणि कडूलिंबाचं तेल लावून बरं झालं. हळदीच्या तालुक्यात राहून एवढं तरी हाताशी असायलाच पाहिजे.

बिल्ला पिवळा, त्यावर बारा आकडे आणि खाली काळ्या रेघा. माणसाच्या आधारला बारा आकडे, जनावरालाही बाराच. म्हणून सगळे त्याला पशु आधार म्हणतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं या नोंदींची संगणकी व्यवस्था उभी केली, आता ती ‘भारत पशुधन’ नावानं चालते. बिल्ल्यांनी देशभर जोर धरला तो सप्टेंबर २०१९ नंतर. तेव्हा मथुरेत लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्धची मोठी लसमोहीम सुरू झाली. लस टोचायची तर कुणाला टोचली हे कळायला हवं, म्हणून कानात आकडा. गर्भपाताची लस तर चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरालाच, तीही आयुष्यात एकदा. ही नोंद कुणाच्या ध्यानात राहणार?

“माझ्या,” आक्का म्हणाली.

खोटं नाही. पण आक्का एका गावाला एकच.

बिल्ल्याची खरी किंमत आमच्याकडं कळली ती लम्पीच्या साली. २०२२ च्या पावसाळ्यात खानदेशाकडून बातमी आली आणि बघता बघता गाईच्या अंगावर गाठी, पायाला सूज, तोंडाला लाळ. म्हशी बऱ्याच वाचल्या, गोवंश सापडला. लस म्हणून टोचली ती शेळ्यांच्या देवीची. तीच आपल्याकडं हाताशी होती आणि तिनं काम केलं. मेलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० अशी मदत मिळाली. गाय कुणाची, लस कधी टोचली, मेली कधी, हे सगळं त्या बारा आकड्यांवरून बघायचं. तोवर आकड्याला शिव्या देणारे मग दवाखान्यात रांगेत उभे राहिले. पैसा पाठीमागं असला की कानातली वस्तू दागिना होते.

तसाच गमतीचा प्रकार दुधाच्या अनुदानात झाला. २०२४ च्या जानेवारीत सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये द्यायचं ठरवलं. अट अशी की शेतकऱ्याचं आधार, बँकेचं खातं आणि गाईचा बिल्ला हे तिन्ही एकमेकांना जोडलेले पाहिजेत. खालच्या आळीच्या भाऊंनी दिवाळीत जर्शी गाय घेतली होती, कानात बिल्ला ठळक. नोंद उघडली तर मालक दुसराच, पार पलीकडच्या तालुक्यातला! गाय भाऊंच्या गोठ्यात, वैरण भाऊंची, शेण काढते भाऊंची बायको आणि सरकारदरबारी मालक तो. विकताना नाव बदलून घ्यायचं असतं हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,” आक्का म्हणाली. “ती गाय दोनदा विकलेली आहे. मधला मालक तर तुमच्या कागदातच नाही.”

माझं म्हणणं एवढंच आहे की बिल्ला खोटं बोलत नाही, पण स्वतःहून काही सांगतही नाही. गाय व्याली, विकली, मेली, चोरीला गेली, हे कुणीतरी जाऊन नोंदवलं तरच त्याला कळतं. गावातल्या बातमीला कुणी नोंदवायला लागत नाही, ती आपल्या पायानं फिरते आणि वाटेत दुरुस्तही होते. सरकारनं आकडा दिला हे चांगलं केलं. पण आकड्यामागं रोज उठून लिहिणारा माणूस दिला नाही. एका पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वाट्याला कितीतरी गावं, त्यात लसीकरण, कृत्रिम रेतन, अडलेल्या गाई. त्यातून उरलेल्या वेळात कुणाची गाय कुठं गेली याची खबर तो कर्मचारी कशी ठेवणार?

विम्याचं तर वेगळंच. विमा कंपन्यांचा जुना शिरस्ता आहे, बिल्ला नाही तर दावा नाही. जनावर मेलं की आधी कान बघतात. आमच्या नात्यातल्या एकाची म्हैस मेली तेव्हा बिल्ला आधीच कुठंतरी झुडपात अडकून तुटला होता. नवा बसवून घेऊ, घेऊ म्हणत राहिला आणि म्हैस थांबली नाही. दावा गेला. आता केंद्राच्या योजनेत विम्याच्या हप्त्यातला १५ टक्केच वाटा शेतकऱ्याला भरावा लागतो, म्हणजे विमा न काढायला सबब उरलेली नाही. पण कानावर नजर ठेवायचं काम मालकाचंच.

पोळ्याला आक्काचा भाचा आला. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकतो. बैल वाई गोरखनाथाला दर्शनाला न्यायचे होते, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग आणि एवढ्या सगळ्या थाटात कानात तो पिवळा प्लॅस्टिकचा तुकडा. आक्कानं त्यालाही गोंडा बांधला होता.

भाचा म्हणाला, बाहेरच्या देशांत आता हा रेघांचा बिल्लासुद्धा जुना झाला. तिकडं कानात चिप असते. तिला बॅटरी नाही. वाचणारं यंत्र जवळ आलं की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि पंधरा आकड्यांचा नंबर सांगून पुन्हा झोपते. ऑस्ट्रेलियात गाईगुरांना हे कितीतरी वर्षं आहे, १ जानेवारी २०२५ पासून तिथं नव्यानं जन्मणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांनाही सक्तीचं झालंय. आपल्याकडं शेणानं माखलेल्या रेघा फोनला दिसत नाहीत, मग कर्मचारी कान पुसून बारा आकडे बोटानं टिपतो. एक आकडा चुकला की गाय दुसऱ्याची.

“मग चोरी गेलेली गाय त्या चिपेवरून सापडते का?” आक्कानं कामाचा प्रश्न विचारला.

“नाही मावशी. यंत्र अगदी कानाजवळ न्यावं लागतं. गाय कुठं आहे ते चिप सांगत नाही, ही कोण आहे तेवढंच सांगते.”

“कोण आहे ते मला रंगावरून कळतं. कुठं आहे ते कुणी सांगंल का?”

त्याच्यापाशी उत्तर होतं, उपग्रहावरून जागा दाखवणारे पट्टे असतात म्हणाला, गळ्यात घालायचे आणि चार्ज करायचे. आमच्याकडं मोटारीला रात्री वीज असते, पट्ट्याला कुणाची?

मग त्यानं औषधाच्या बिल्ल्याचं सांगितलं आणि आम्ही दोघी पुढं सरकलो. प्लॅस्टिकमध्येच माशीमार औषध मुरवलेलं असतं, परमेथ्रिन नाहीतर डायझिनॉनसारखं. ते हळूहळू पाझरतं, गाय मान फिरवते, अंग चाटते, दुसऱ्या गाईला घासते, तसं केसांवर पसरतं. तीन ते पाच महिने माश्या दूर राहतात. अमेरिकेच्या माळरानावर शेकड्यानं मोकळी चरणारी गुरं, त्यांना रोज फवारणार कोण, म्हणून ही युक्ती. पण काही वर्षांत माश्याच त्या औषधाला निर्ढावल्या. आता तिकडं सांगतात, हंगाम संपला की बिल्ला काढून टाका आणि पुढच्या साली औषध बदला. नुसता लटकत ठेवला तर कमजोर औषध माश्यांना पाजून त्यांना पहिलवान करायचं काम होतं.

“आपल्याकडं चालंल का?”

भाच्यानं मान हलवली. आमचा त्रास गोचिडांचा. त्या बसतात कासेला, शेपटीखाली, मानेच्या पोळीत. कानातलं औषध तिथवर नीट पोचत नाही. आणि पोट भरलेली मादी खाली पडून भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे गाय धुऊन काढली तरी गोचीड गोठ्यातच. संकरित गाईला त्यातून गोचीड ताप चढतो आणि चार दिवसांत दावण रिकामी. लम्पीसुद्धा चावणाऱ्या माश्या-डासांनीच पसरवली. तेव्हा फटी लिंपा, शेण लांब टाका, औषध डॉक्टर सांगतील त्याच मापानं फवारा, जास्त नाही. आणि फवारल्यावर दूध कधी डेअरीला घालायचं तेही त्यांनाच विचारा.

“फटी लिंपायचं तर माझी सासूही सांगायची,” आक्का म्हणाली. “तिला पगार नव्हता.”

परवा दवाखान्याचे पर्यवेक्षक फोन घेऊन गावात आले, जुन्या नोंदी दुरुस्त करायला. तात्यांच्या ओट्यावर बसले, दोन घरं फिरले आणि शेवटी कंटाळून आमच्या कुंपणाशी आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. मी चहा ठेवला. आक्का तुराट्यांवर कोपर टेकून उभी, ते आकडा वाचायचे आणि ही सांगायची. ही विकली, संक्रांतीच्या आधी. ही माळेगावच्या जत्रेत दिली, घेणारा लोह्याचा. ही व्याली, गोऱ्हा झाला, त्याला बिल्ला नाही. ते भराभर बोटं चालवत होते.

“आणि ही तात्यांची भुरी गाय,” ते म्हणाले. “तात्या म्हणाले, विजेनं मेली.”

आक्कानं रस्त्याकडं बघितलं, मग आवाज खाली आणला.

“मेली कशाची! मेव्हण्याच्या आखाड्यावर चरायली की. जाऊन बघा. पण माझं नाव सांगू नका.”