डेपोला साप्ताहिक सुट्टी : नागरिकांसाठी सूचना

बुरुडगावचा कचरा डेपो हा आपल्या महापालिकेचा सर्वात राबणारा कर्मचारी. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही. दिवाळीत उलट ओव्हरटाइम. त्याला आठवड्यातून निदान एक दिवस रजा मिळावी, या उदात्त हेतूने पुढील सूचना प्रसिद्ध करत आहोत. त्या समस्त अहिल्यानगरकरांसाठी आहेत. आमच्या सोसायटीतल्या तात्यांनी त्या स्वतःवर ओढून घेऊ नयेत. मात्र आधी त्यांनी वाचाव्यात.

१. गाठ मारू नये. तात्या भाजीची देठं, चहाचा चोथा आणि परवाची आमटी एकाच कॅरीबॅगेत कोंबतात आणि वर अशी गाठ मारतात, की जणू माल परदेशी निघालाय. आत हवा न गेल्याने त्या ऐवजाचे खत होत नाही, नुसता कुबट चिखल होतो. मग कचरा निवडणाऱ्या बाईंना ती पिशवी हातांनी फाडावी लागते. आत आमटीबरोबर दाढीचे पातेही असते. आता सूचनेची भाषा बाजूला ठेवून विचारतो : काय राव, पाते जाड कागदात गुंडाळून वेगळे द्यायला किती वेळ लागतो? ओला कचरा डब्यातून थेट घंटागाडीत ओतावा, पिशवीविना. डबा धुवावा लागतो, ही तक्रार खरी आहे. धुवावा.

२. दूधपिशवीचा कोपरा पूर्ण कापू नये. नुसती चीर द्यावी, तुकडा लोंबकळू द्यावा. पिशवी भंगारवाला नेतो. नखाएवढा तुकडा कोणी नेत नाही, तो गटारमार्गे जातो.

३. खत घरी करावे. भोके पाडलेली जुनी बादली पुरते. ओल्याच्या प्रत्येक थरावर वाळलेल्या पानांचा चांगला जाड थर द्यावा, अधूनमधून आंबट ताक शिंपडावे आणि आठवड्यातून एकदा खालीवर करावे. वास आला तर पाणी जास्त झाले आहे, पाने वाढवावीत. अळ्या दिसल्या तर किंचाळू नये, त्या कामावर आहेत. करवंटी आत टाकू नये, ती आपल्या हयातीत कुजत नाही. तात्यांनी हा प्रयोग केला, हे नमूद करताना आनंद होतो. त्यांनी बादलीला झाकण घट्ट लावून वर वीट ठेवली. गाठीची सवय, दुसरे काय! तरी आता त्यांच्या कढीपत्त्याला जी पालवी आली आहे, ती ते दूधवाल्यालासुद्धा थांबवून दाखवतात.

४. गल्लीत मांडव घालून शंभराहून अधिक माणसे जेवायला घालायची असली, तर २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार कामाचे तीन दिवस आधी महापालिकेला कळवावे लागे. म्हणजे पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी कुलदैवताला, तिसरी आरोग्य विभागाला. अशी तिसरी पत्रिका आम्ही कुठे पाहिली नाही.

५. त्याच नियमांत डेपोत काय पुरावे, हेही होते : झाडलोटीची माती, गटारांचा गाळ आणि ज्याचा खरोखरच काही उपयोग उरलेला नाही तेवढेच. हे वाचून दाखवल्यावर तात्यांनी विचारले, "मग आमटी कुठं टाकायची?" (सूचना ३ पाहावी. किंवा आमटी बेताने करावी.)

६. गेट अडवून डेपोला सुट्टी देण्याचा एक मार्ग आहे. बुरुडगावकर वर्षानुवर्षे शहराचा वास सोसून तक्रारी करत आले आहेत, तेव्हा त्यांनी तो धरला तर त्यांना दोष देण्याचे तोंड आपल्याला नाही. पण परिणाम माहीत असावा. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावकरांनी आपल्या गावच्या डेपोकडे येणाऱ्या तेव्हाच्या औरंगाबादच्या कचरागाड्या अडवल्या. कचरा कितीतरी दिवस रस्त्यांवर साचला, मार्चमध्ये तो टाकण्यावरून मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला, आणि शेवटी सक्तीची रजा मिळाली ती पोलीस आयुक्तांना.

७. दुसरा मार्ग वेंगुर्ल्याचा. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घरोघरचा कचरा इतका बारकाईने वेगळा होऊ लागला, की डंपिंग ग्राउंडचे उद्यान झाले आणि लोक सहलीला येऊ लागले. हे सांगताच तात्यांनी सोसायटीच्या अभ्यासदौऱ्याचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला, बसही ठरली. उद्यान पाहू इच्छिणाऱ्यांनी नावे त्वरित द्यावीत. सुरमई थाळीची यादी भरलेली आहे.