चिखल्यांचा रीतसर बंदोबस्त

आषाढ लागला, राबातले रोप उपटून त्याच्या मुठी बांधल्या गेल्या आणि खाचरांतून चिखलणी सुरू झाली, की कर्जत-खालापुराकडच्या यच्चयावत पायांच्या बेचक्यांत चिखल्या दाखल होतात. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवून आता दीड एकर भातशेतीवर हुकमत गाजविणाऱ्या आमच्या मामांनी या व्याधीच्या बंदोबस्तासाठी जे तोंडी नियम घालून दिले आहेत, ते लोकहितार्थ येथे नमूद करीत आहे.

नियम १. प्रथम कसूर कोणाची ते ठरवावे. ती आपली नसावी. पावसाळ्यात कसूर पावसाची. उन्हाळी भाताच्या वेळी ती टाटांची. कारण भिवपुरीच्या वीजघरात १९२२ पासून चाके फिरवून खाली उतरणारे घाटावरचे पाणी पुढे राजनाल्याच्या कालव्याने शेतांत शिरते आणि आभाळात ढगाचा ठिपका नसतानाही चिखलाची सोय करून ठेवते. वास्तविक पाणी कोठलेही असो, तासन् तास भिजलेली कातडी पांढरी, फुगीर व लिबलिबीत होते, बोटे एकमेकांवर घासून ती फाटते, आणि त्या ओलाव्यात गजकर्णाच्या जातीची बुरशी बिऱ्हाड करते. करंगळी आणि तिची शेजारीण यांच्यामधली जागा सर्वांत अरुंद, म्हणून पहिली चीर बहुधा तेथेच पडते.

नियम २. ग्रंथाधार शोधावा. दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांची बेचकी ओलसर राहून तीत कंड, दाह व वेदना उत्पन्न होतात, हे सुश्रुताने 'अलस' या नावाखाली सांगून ठेवले आहे. मात्र ते क्षुद्ररोगांच्या प्रकरणात सांगावे, हे मामांना अद्याप मंजूर नाही.

नियम ३. चिखलात उतरू नये. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून बांधावरून देखरेख करावी. या नियमाचे मामा इतक्या निष्ठेने पालन करतात, की बांधावरून घसरून एकदा बुटात शिरलेले पाणी सूर्यास्तापर्यंत बाहेर काढण्याची त्यांना गरज भासत नाही. संध्याकाळी पडवीत बूट उलटा केला, की आधी तांबूस पाणी, मग गवताची काडी आणि शेवटी एखादे गोंधळलेले खेकड्याचे पिल्लू बाहेर पडते. त्यामागून जो पाय निघतो, तो दिवसभर अनवाणी लावणी करणाऱ्या बाईच्या पायाहून अधिक फुगलेला असतो.

नियम ४. खाजवू नये. (रात्री नऊनंतर हा नियम तहकूब.)

नियम ५. जितके सल्लागार तितके उपाय, आणि तेही एकाच रात्री करावेत. हळद-खोबरेल, करंजेल, दंतमंजन, एवढेच काय, रॉकेलसुद्धा! रॉकेलाने चिखली बरी होत नाही, कातडी मात्र भाजते, हे येथे मी माझ्या जबाबदारीवर लिहितो. मामी या दरबारात बोलत नाहीत. त्या कुंपणाची मेंदी ओरबाडून आणतात, पाट्यावर वाटतात आणि धुऊन कोरड्या केलेल्या बेचक्यांत तिचा गोळा भरून वर धडप्याची चिंधी बांधतात. सकाळी बोटे केशरी आणि कातडी घट्ट झालेली दिसते. चीर खोल नसेल, तर लावणीच्या दिवसांत एवढ्यावर निभावते.

नियम ६. दुकानदाराकडून 'लगेच गुण येणारे' मलम घ्यावे. अशा मिश्र मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज दबते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरते. त्यापेक्षा क्लोट्रिमॅझोलचे साधे मलम दिवसातून दोनदा लावावे आणि बरे वाटल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावे. मामा तिसऱ्या दिवशी 'प्रकरण निकाली' असा शेरा मारतात. दहाव्या दिवशी तेच प्रकरण अपिलात येते.

नियम ७. मधुमेह असल्यास, अथवा पाऊल लाल होऊन सुजल्यास वा ताप आल्यास, वरील सर्व नियम रद्द समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यात थट्टा नाही. त्या एवढ्याशा चिरेतून जंतू शिरून पाय गमावण्याची पाळी येते.

आता मामींचे म्हणणे. इतकी वर्षे त्या एकच वाक्य बोलत आल्या आहेत: "अहो, आधी बोटं पुसा!" साऱ्या चिकित्सेचे सार एवढेच आहे, आणि ते पाळण्यासाठी मामांना फक्त खुर्चीवरून वाकावे लागते. ज्या ठाकर-कातकरी बाया सकाळपासून ओणव्याने त्यांचे शेत लावतात, त्यांना मात्र पाय कोरडे करायला जागाही नसते, वेळही नसतो. भाकरीसुद्धा त्या ओल्या बांधावर बसून खातात. तेव्हा ज्यांच्या मालकीची खाचरे आहेत त्या सर्व मामांस विनंती, की दुपारच्या सुट्टीत आपली पडवी लावणीच्या बायांना मोकळी करून द्यावी, पाय धुवायला बादलीभर स्वच्छ पाणी व पुसायला कोरडी फडकी ठेवावीत, आणि तेवढ्या वेळाची मजुरी कापू नये.