चौकोनी नकार

बँकॉकच्या चातुचक बाजारात आंबा-भाताच्या गाडीसमोर मी फोन काढला, तो म्यानातून तलवार काढावी तसा. गाडीवर निळ्या पट्टीचा चौकोन लटकत होता. कॅमेरा धरला. फोनने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, हा क्यूआर अवैध आहे. मी फोन तिरका धरला, जवळ नेला, लांब धरला, काच सदऱ्याला पुसली. सरकारी खिडकीवर माणूस तेच कागद क्रम बदलून पुन्हा देतो ना, तसं. चौकोन ढिम्म.

पाकीट हॉटेलच्या तिजोरीत होतं. मुद्दाम.

टूरबरोबरच्या पोराने विमानतळावरच बजावलं होतं, "काका, रोख ठेवा बरं का जवळ." त्यावर काकांनी अख्ख्या बसला ऐकू जाईल असं भाषण ठोकलं होतं. आमच्याकडे कोथिंबिरीची जुडीसुद्धा स्कॅन करून घेतात, यूपीआय आयफेल टॉवरवर पोचलंय, आणि तू नोटांच्या गोष्टी सांगतोस?

भाषणातलं काही खोटं नव्हतं. 2024 च्या फेब्रुवारीत आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी यूपीआय सुरू झालं. त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशस, पुढच्या महिन्यात नेपाळ. भूतानने तर 2021 मध्येच आपला चौकोन स्वीकारला. बातम्या वाचून छाती भरून येते. गोची एवढीच, की मी आयफेल टॉवर खायला निघालो नव्हतो.

हा चौकोन मुळात जपानचा. डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये तो काढला, मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. तीन कोपऱ्यांत तीन ठसठशीत चौकटी ठेवल्या, म्हणजे कुठल्याही बाजूने धरा, वाचता येतो. पेटंट घेतलं, पण जगाने वापरावा म्हणून हक्काचा बडगा उगारला नाही. एवढं मोकळं मन! आता तो कुठल्याही दिशेने वाचता येतो. कुठल्याही देशातून नाही.

कारण चौकोन सगळे सारखे दिसत असले तरी पोटातलं बोलणं वेगळं. आपल्या चहावाल्याच्या चौकोनात 'यूपीआय' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. थाई चौकोनात 000201 पासून सुरू होणारी आकड्यांची माळ. ती माळ शेवटी 'प्रॉम्प्टपे' नावाच्या त्यांच्या व्यवस्थेत जाते, आणि तिथे माणसाची ओळख म्हणजे त्याचा थाई मोबाइल क्रमांक किंवा नागरिक क्रमांक, आणि त्यामागे थाई बँकेतलं खातं. पर्यटकाने खातं उघडायला जावं, तर बँक बहुधा वर्क परमिट नाहीतर दीर्घ मुदतीचा व्हिसा विचारते. म्हणजे 100 बाटचा आंबा-भात खायला आधी थायलंडात नोकरी धरायची.

माझ्या शेजारी एक मलेशियन गृहस्थ उभे होते. त्यांनी आपल्याच देशातलं ॲप उघडलं, तोच चौकोन स्कॅन केला आणि पानभर आंबा घेऊन चालते झाले. थायलंडने मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, कंबोडिया या शेजाऱ्यांशी करार करून चौकोनाला चौकोन जोडून घेतले आहेत. वाड्यातल्या बिऱ्हाडांनी आपसात मधली दारं उघडी ठेवावीत तसं. मी आपला जिन्याखाली उभा.

"ओन्ली स्कॅन?" मी विचारलं.

"कॅश, कॅश!" गाडीवाली बाई प्रसन्नपणे म्हणाली. तिची काहीच हरकत नव्हती. ज्या गोष्टीला मी बसमध्ये जुनाट म्हणालो होतो, तिला ती दोन्ही हातांनी बोलावत होती.

समोर एटीएम होतं आणि फोनच्या कव्हरमध्ये कार्ड होतं. पण परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाट शुल्क. शिवाय आपल्या बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा, आणि त्या आकारावर जीएसटी वेगळा. 100 बाटच्या आंब्यासाठी 220 बाटचं एटीएम! सदाशिव पेठेत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला हा हिशेब पचणं शक्य नाही, आंबा कितीही पचो.

मी आकडेमोड करत असताना मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने हात लांबवला, फोन चौकोनासमोर धरला आणि माझे 100 बाट भरून टाकले. दयेने नव्हे. रांग पुढे सरकावी म्हणून. मी हॉटेल, तिजोरी, पाकीट असं काहीबाही पुटपुटलो. तिने हात जोडले आणि आपली ऑर्डर सांगितली. स्थानिक खातं नसलेल्या प्रवाशासाठी जगात सगळीकडे चालणारी एकच व्यवस्था आहे, तिचं नाव 'मागचा माणूस'. तिला ॲप लागत नाही, करार लागत नाही आणि केवायसी तर ती करतच नाही.

बाहेरच्या माणसाचीही सोय लागते, हे चीनला ठेच लागून कळलं. तिथे चहापासून रिक्षापर्यंत सगळं चौकोनात, आणि बाहेरून आलेला माणूस नोट धरून ताटकळत. शेवटी 2023 च्या जुलैत तिथल्या दोन्ही बड्या ॲपनी परदेशी कार्डं जोडून घ्यायला सुरुवात केली. चिनी बँकेत खातं नको. एका व्यवहारात 200 युआनपर्यंत शुल्क नाही, वर गेलात तर तीन टक्के. म्हणजे 380 युआनची बॅग 190, 190 असे दोन वेळा स्कॅन करून घ्यायची. हा मार्ग मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. त्यातली गंमत अशी, की या दोन ॲपपैकी वीचॅटवर आपल्याकडे 2020 पासून बंदी आहे.

असो. परत आलो, आणि पंधरा दिवस भेटेल त्याला थायलंडच्या मागासलेपणाबद्दल सांगत सुटलो. "अरे, साधा पाहुण्याला पैसे द्यायची सोय नाही त्यांच्याकडे!"

मग जर्मनीहून भाचा आला. बरोबर त्याचा मित्र, अस्सल जर्मन. दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात गेलो. पाहुण्याने हट्ट धरला की चहाचे पैसे तोच देणार. कार्ड काढलं. चहावाल्याने त्या कार्डाकडे लग्नपत्रिका बघावी तसं कौतुकाने बघितलं आणि परत दिलं. पाहुण्याने 500 ची नोट काढली.

"सुट्टे नाहीत. स्कॅन करा."

पाहुण्याने चौकोनाकडे फोन धरला. फोन ढिम्म. त्याने तो तिरका धरला, जवळ नेला, काच सदऱ्याला पुसली. मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं.

भाचा म्हणाला, मी देतो. जन्म कोथरूडचा, पण नंबर जर्मन. अनिवासी भारतीयांना परदेशी क्रमांकावर यूपीआय वापरू द्यायचं 2023 मध्ये ठरलं, तेव्हाच्या पहिल्या यादीत दहा देश होते. सिंगापूर होतं, ओमान होतं, कतार होतं. जर्मनी नव्हतं. भाच्याचं भारतीय सिम आईच्या कपाटात, नथीच्या डबीत.

बरं, आपल्याकडे सोयच नाही असंही नाही. जी-20 च्या वर्षी, 2023 च्या फेब्रुवारीत, परदेशी पाहुण्यांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' नावाचं पाकीट निघालं. भारतीय खातं नको. पासपोर्ट-व्हिसा दाखवा, पैसे भरा, दुकानातला चौकोन स्कॅन करा. सुरुवात निवडक विमानतळांवर झाली. उत्तम योजना. फक्त पाहुण्याने तिचं नाव ऐकलं नव्हतं, भाच्याने ऐकलं नव्हतं, चहावाल्याने ऐकलं नव्हतं, आणि मी ते घरी येऊन शोधलं.

चार जण एका चौकोनाभोवती उभे. त्यात तिघांकडे पैसे होते आणि चौथ्याला ते हवे होते. तरी व्यवहार होईना. नाणं नव्हतं तेव्हाही माणसं कोंबडी देऊन धान्य घेत होती.

"ओ काका, आटपा की जरा!" मागून आवाज आला.

मी मुकाट्याने फोन काढला आणि तीन चहांचे 45 रुपये भरले. दयेने नव्हे. चहावाल्याच्या बोलक्या पेटीने सगळ्या चौकाला ते ओरडून सांगितलं. पाहुणा ओशाळला, त्याने तीच 500 ची नोट माझ्यापुढे धरली आणि उरलेले परत द्या अशी खूण केली.

मी खिसे चाचपले. पाकीट घरी होतं.

मुद्दाम.